घरच्या रक्ताच्या आठ उंदरिणी

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी रविवारी गावी गेले की आई चहाचा कप पुढे सरकवते आणि आमच्या अहिराणीत विचारते, "मंग, उंदीर काय म्हनतस?" एवढं पुरतं. पुढचा तासभर मीच बोलत असते.

मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत काम करते. घर शिरपूरजवळच्या खेड्यात, चोपड्यावरून एसटीने अडीच तास, आणि ड्रायव्हरचा नातेवाईक वाटेत भेटला तर तीन. घरात आबा, आई, धाकटा भाऊ प्रेमराज, त्याची बायको ज्योती आणि त्यांचा चार महिन्यांचा ओजस. आबा म्हणजे माझे वडील, रुपचंद. सगळं गावच त्यांना आबा म्हणतं, त्यामुळे मुलगी म्हणून मला त्यांच्यात वेगळं काही मिळालेलं नाही.

ज्योतीचं माहेर जळगाव शहरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओजस तिकडेच जन्मला. नाळेत उरलेलं रक्त एरवी टाकूनच देतात. मी ते ज्योतीकडे मागितलं. तिनं फॉर्म वाचून सही केली. वाचून, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात सह्या वाचून करण्याची पद्धत नाही. नियमाप्रमाणे पिशवीवर नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. पण ती पिशवी डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलेली बाई मीच होते, तेव्हा नंबर टाकून लपवायचं ते कुणापासून?

आता त्या रक्ताचं काय केलं ते सांगते. आमच्याकडे काही उंदीर असे आहेत की त्यांना जन्मतःच रोगाशी लढायची शक्ती नाही. साधी धूळ लागली तरी आजारी पडतात. नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी त्यांच्या अंगात सोडल्या की त्या तिथे रुजतात, आणि तीन-चार महिन्यांत उंदराच्या अंगात माणसाचं रक्त तयार व्हायला लागतं. त्या रक्तात मारेकरी पेशी असतात. नॅचरल किलर म्हणतात त्यांना. त्यांना कुणी हुकूम द्यावा लागत नाही. अंगात बिघडलेली पेशी दिसली की त्या सरळ तिला संपवतात. उंदरात वाढलेल्या या पेशी कॅन्सरच्या पेशी खरोखर मारतात का, आणि शंभरातल्या किती, हे मोजणं म्हणजे माझं काम.

हे सगळं मी आषाढात घरी सांगितलं. चूक झाली ती तिथे.

त्याचं असं आहे की ओजस जन्मला तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅमचा होता. आबांनी त्याचं नाव काडी ठेवलं. लाडाने, असं त्यांचं म्हणणं. पण काडी म्हणताना ते बाळाकडे बघत नाहीत, ज्योतीकडे बघतात. भाऊबंदकीतल्या बायकांना तेवढा इशारा बास होता. शहरातली पोरगी, धड खात नाही, हिच्या पोटी पैलवान कुठून येणार, असं चारही घरांत बोललं जायचं आणि ज्योतीच्या कानापर्यंत पोचेल इतक्या आवाजात बोललं जायचं. प्रेमराज आपला भाऊ असला तरी सांगते, त्याने एकदाही तोंड उघडलं नाही.

अशा घरात मी जाऊन म्हणाले, "ओजसच्या पेशी कॅन्सरच्या किती पेशी मारतात ते आम्ही श्रावणात मोजणार."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे पोऱ्यामा दम शे का नई, ते कयी जाई."

"नाही आबा, तसं काही कळणार नाही. यात बाळाची परीक्षा नाहीये."

पण आबांना हवं ते ऐकून झालं की त्यांचे कान मिटतात. आठवड्याभरात गावात झालं की रुपचंद आबाच्या नातवाची जळगावला परीक्षा आहे. कुणी विचारलं, पेपर कितीचा? कुणी विचारलं, पोर तीन महिन्यांचं, बसवणार कसं? ज्योती मात्र काही विचारत नव्हती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तारीख बघून ठेवली होती.

ती तारीख कानबाईच्या रविवारनंतरचा बुधवार. कानबाई ही आमची खान्देशातली देवी, श्रावणातल्या रविवारी घरोघर बसते, आणि तिला आमच्याकडे रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तोच दळायचा, त्याच्याच कणकेत पुरण भरून केलेल्या जाड पोळ्या म्हणजे रोट. आणि ते फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. शनिवारी आई गहू मोजायला बसली. आबांची मूठ, प्रेमराजची मूठ, ओजसची मूठ. मग थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तुना उंदीर कितला शेत?"

"आठ."

"त्यास्ना अंगमा आपला ओजसनं रगत शे ना?"

"हो."

"मंग त्यामा नर कितला?"

"एक बी नई. बठ्ठ्या माद्या शेत." सगळ्याच माद्या, कारण माणसाच्या पेशी माद्यांच्या अंगात जास्त चांगल्या रुजतात, हेही मी ज्ञान पाजळलं.

"त्याले परयोग कसाले जोयजे?" एवढं कळायला प्रयोग कशाला हवा, अशा सुरात आई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं. "बरं व्हयनं. मूठ वाढावानं काम नई." मीही मादीच असल्यामुळे त्या सुपात माझी मूठ एकतीस वर्षं पडलेली नाही, तेव्हा आठ उंदरिणींसाठी मी काय भांडणार? तेवढ्यात तिला दुसरी शंका आली. "बुधवारे त्या मरतीन ना? आपले सुतक लागी का?"

मरणार होत्या. प्लीहेतून पेशी काढायच्या तर दुसरा मार्ग नाही. मी 'सुतक नाही लागत' म्हणाले, पण उगाचच हळू आवाजात म्हणाले.

सोमवारी कानबाईला निरोप देऊन मी निघाले. नियमाने रोट उंबऱ्याबाहेर जात नाही, पण आईचे नियम माझ्या डब्यापाशी येऊन सैल होतात. तिनं दोन रोट बांधून दिले. मी ते प्रयोगशाळेत चहाच्या टेबलावर ठेवले आणि विसरले. इतकं जेवून आले होते की पुरण या शब्दानेही धाप लागत होती.

मंगळवारी सकाळी डबा उघडला तर एक रोट कडेने कुरतडल्यासारखा. आमच्याकडे उंदरांची देखभाल झुलालभाऊ करतात. साक्रीकडचे, पन्नाशीचे, कामाला वाघ. पिंजऱ्याला हात लावण्याआधी हात इतके धुतात की सर्जनने शिकावं. मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले.

"झुलालभाऊ, रोट तुम्ही खाल्ला का?"

त्यांनी कानाला हात लावला. "मी कसा खासू, ताई? मी तुमना भाऊबंद शे का?"

"मग गेला कुठे?"

"ताई, कानबाईना रोट रातभर तठे पडेल व्हता. टाकता येत नई. मी खाऊ शकत नई. सर खाऊ शकत नईत. मी इचार कया, या इमारतमा तुमना घरना रगतना कोण शे?" त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "या आठच ना. चिमूट-चिमूट दी दिधा."

चौदा आठवडे वाढवलेल्या उंदरिणी, बाहेरचा एक जंतू गेला तर मरतील अशा, आणि त्यांच्या पोटात एसटीने आलेलं पुरण. दुसरं नाळेचं रक्त नव्हतं, दुसरे उंदीर नव्हते. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. झुलालभाऊ शांतपणे ऐकत होते.

"तशाच नई दिधा, ताई," माझं संपल्यावर ते म्हणाले. "पहिले वाफ दिधी. एकशे एकवीस डिग्री, ईस मिनिट."

उंदरांचं खाद्य ज्या यंत्रात वाफेने निर्जंतुक होतं, त्याच यंत्रात त्यांनी आमच्या घरचा रोट घातला होता. माणसाने धर्म पाळावा तर असा. मी पिंजऱ्यांत डोकावले. आठही जणी मजेत होत्या, एक तर मिशा पुसत होती.

पण वहीत लिहिणं भाग होतं. मी लिहिलं: ठरलेल्या खाद्याखेरीज निर्जंतुक पुरणाचा रोट, प्रत्येकी चिमूटभर. माझे मार्गदर्शक लीलाधर सर धुळ्याचे. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला. मला वाटलं आता प्रयोग रद्द.

"गंगाफळाची भाजी नव्हती ना दिली बरोबर?" त्यांनी विचारलं. रोटाबरोबर लाल भोपळ्याची ती भाजी लागतेच, हे धुळ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"नाही सर."

"मग चालू दे. उद्या वजनं बघ, तब्येत बघ. ठीक असतील तर कर. आणि ही ओळ खोडू नकोस."

बुधवारी वजनं ठीक होती. साडेनऊला मी अंगात कोट चढवत होते तेवढ्यात दारात आबा. इस्त्रीचे कपडे, पांढरी टोपी, मागे ज्योती आणि तिच्या खांद्यावर झोपलेला ओजस. नातवाची परीक्षा असताना आजोबांनी घरी बसायचं ही गोष्ट आबांना पटलेली नव्हती. विद्यार्थीही बरोबर हवा, म्हणून त्यांनी चार महिन्यांचं पोर पहाटेच्या एसटीत घातलं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी नवल तापाने आडवा पडला होता. नवल आमचा विद्यार्थी. तुलनेसाठी दर वेळी एका निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं, म्हणजे उंदरात वाढलेल्या मारेकरी पेशी आणि माणसात वाढलेल्या मारेकरी पेशी शेजारी शेजारी बघता येतात. ते रक्त नवल द्यायचा. मी सरांना हे सांगत होते, ते आबांनी ऐकलं. तेवढ्यापुरते त्यांचे कान उघडे होते.

"मनं ल्या," त्यांनी बाही वर केली. "मले जल्ममा ताप उना नई."

वय बासष्ट, आजार नाही, औषध नाही. सरांनी मान हलवली. आबांनी फॉर्मवर न वाचता सही केली. मग मी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि पुन्हा सही घेतली. सुई टोचताना ते छताकडे बघत होते, पण रक्त निघाल्यावर नळ्या हातात घेऊन त्यांनी रंग तपासला आणि ज्योतीला म्हणाले, "देख. याले म्हनतस रगत."

दुपारी साडेबाराला सगळं जुळलं. एका बाजूला आठ उंदरिणींच्या प्लीहांतून काढलेल्या ओजसच्या पेशी, दुसऱ्या बाजूला आबांच्या, आणि दोन्हींकडे बाटलीत वाढवलेल्या ब्लड कॅन्सरच्या पेशी, रंग लावून ओळखता येतील अशा. एका कॅन्सरपेशीमागे दहा मारेकरी. आता चार तास त्यांना उबेत एकत्र सोडायचं आणि मग यंत्रावर मेलेल्या मोजायच्या. या चार तासांत माणसाने करण्यासारखं काही नसतं.

आबा बाकावर टोपी तोंडावर घेऊन झोपले. ज्योती कँटीनच्या मागे कडुलिंबाखाली ओजसला पाजत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"ताई, कमी आलं तर?"

"तर कमी आलं म्हणून सांगेन."

"थोडं वाढवून नाही सांगता येणार?"

"नाही गं."

तिनं पदराने बाळाचं तोंड पुसलं. "मला वाटलंच. मग मी आज माहेरी जाते. आबांना एकट्यांनाच जाऊ दे गावाला. दम नाही असं एकदा जळगावहून ठरून आलं की मला त्या घरात नाही राहता यायचं."

मला माझीच चीड आली. ज्या आकड्याचा या बाळाच्या तब्येतीशी काही संबंध नाही, तो आकडा मी चहा पिता पिता घरात नेऊन ठेवला होता, आणि आता ही बाई त्याच्यावर आपला संसार तोलत बसली होती. मी तिला पुन्हा समजावलं की ही बाळाची परीक्षा नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. मी फॉर्म वाचला होता. गावाने नाही वाचलेला."

साडेचारला मी यंत्रासमोर बसले. नुसत्या ठेवलेल्या कॅन्सरपेशींतल्या ज्या आपोआप मेल्या होत्या त्या वजा केल्या. आबांच्या पेशींनी शंभरातल्या सत्तावीस मारल्या होत्या. ओजसच्या पेशींनी एकेचाळीस. मी पुन्हा मोजलं. दोन्हींच्या पेशी तीन-तीन छोट्या वाट्यांत वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, सगळ्या जवळपास तेच सांगत होत्या. उंदराच्या अंगात वाढलेलं नाळेचं रक्त लढलं होतं. चौदा आठवड्यांचं काम फळाला आलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले, आणि सगळ्यांत आधी आठवली ती ज्योती.

बाहेर तिघे उभे होते. ज्योती, आबा आणि कामाच्या वेळेत कारण नसताना तिथे आलेले झुलालभाऊ. ओजस हातपाय झाडत होता.

"ओजस एकेचाळीस," मी म्हणाले. "आबा, तुम्ही सत्तावीस."

आबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ज्योतीनं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं.

"रोटना गुण शे," झुलालभाऊ म्हणाले.

आबांचा चेहरा एकदम उजळला. हरल्याचं त्यांना काही वाटलं नसावं; त्याचं कारण सापडलं होतं आणि ते घरचंच होतं. "हां! रोटनाच. मी बी खादा, पन मी इतवारे खादा, त्यास्नी मंगळवारे."

मी गप्प बसू शकले असते. आकडा चांगला होता, गावाला तेवढाच हवा होता, ज्योतीला तर हवाच होता. पण पोटात राहत नाही म्हणतात ते चांगल्या गोष्टीलाही लागू आहे आणि अवघड गोष्टीलाही.

"रोट नाही, आबा. त्या उंदरिणींना मी तीन आठवडे इंजेक्शनं देत होते. त्याने या पेशी वाढतात, जाग्या होतात. तुमच्या पेशींना तसं काहीच दिलेलं नव्हतं. म्हणून ही कुस्ती सारखी नाही. ओजस तुमच्यापेक्षा ताकदवान आहे असं यातून निघत नाही. आकडा उलटा आला असता, तरी तो कमजोर आहे असंही निघालं नसतं."

ज्योतीनं माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

आबांनी बाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे खुराक भेटना म्हनीसन लढनात."

"साधारण तसंच."

"आन् नई भेटता तर?"

"तर निम्म्याही मारल्या नसत्या."

आबांनी टोपी काढली. ती झटकली, पुन्हा घातली नाही. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"हिले मी सातवा महिनालोंग कापूस येचाले धाडं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, झुलालभाऊंकडे बघूनही नाही. "मजूर भेटेत नई म्हनीसन. भाकर बी ही बठ्ठास्ना मांगे खाये. मी देखे, रोज देखे." मग ते म्हणाले, "पोऱ्याले काडी म्हने मी. आन् दोस हिना काढे."

आमच्याकडे अशा वेळी सुनेनं काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. 'जाऊ द्या आबा, त्यात काय' असं म्हणून सासऱ्याची मान वर करून द्यायची. मीही तेच ऐकायला उभी होते. लाज वाटते सांगायला, पण मलाही तेच हवं होतं, म्हणजे विषय मिटला असता आणि मला आत जाऊन माझे आकडे बघता आले असते.

ज्योती आबांच्या पुढे आवाज काढत नाही. तेव्हाही तिनं आवाज चढवला नाही.

"सातव्यापर्यंत नाही, आबा," ती म्हणाली. "आठवा लागला होता."

आबांनी मान हलवली. "हां. आठवा लागी जायेल व्हता."

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं ओजसला त्यांच्याकडे दिलं, पण लगेच नाही दिलं.